बंद पडलेलं औषध आणि मायचा थर्मास

त्या उन्हाळ्यात अक्काची पिशवी काढायचं ठरलं होतं. पिशवी म्हणजे गर्भाशय. तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या आमच्या पैनगंगेकडच्या गावांत बायका हा शब्द अगदी सहज वापरतात, बाजाराच्या पिशवीबद्दल बोलावं तसा. अमकीनं मागच्या वर्षी काढली, तमकी यंदा काढणार. ऑपरेशनं उन्हाळ्यातच ठरतात, कारण तेव्हा कापूस वेचून झालेला असतो आणि शेतात कोणी वाट पाहत नसतं.

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. तिला एकच मुलगी, अजून अंगणवाडीत जाणारी. पाळी आली की आठवडा उलटला तरी अक्काचं रक्त थांबायचं नाही. तिचे ओठ पांढरे पडायचे आणि जिना चढताना ती मध्येच बसायची. दोनदा तिला बाटलीतून रक्त द्यावं लागलं होतं. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी सगळे उपाय करून पाहिले आणि शेवटी म्हणाल्या, आता काढून टाकू. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्यासमोर दर महिन्याला एक फिकट बाई येऊन बसत होती, आणि त्यांना तिला वाचवायचं होतं.

अक्का सगळ्यांना हो म्हणाली. सासूला, भाऊजींना, मायला. मला फोनवर मात्र म्हणाली, "मले अजून एक लेकरू पायजे होतं व." आणि लगेच, "जाऊ दे, तू अभ्यास कर."

मी तेव्हा हैदराबादला, चारजणी एका खोलीत अशा वसतिगृहात राहून, प्रयोगशाळेचं शिक्षण घेत होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. दहावीपर्यंत मराठी शाळा, त्यामुळे माझी तेलुगू बाजारापुरती आणि इंग्रजी वाचता येण्यापुरती. वर्गात प्रश्न विचारायचा असला की मी तो आधी मनात नीट लावून घ्यायचे. लावून होईपर्यंत तास संपायचा.

एके दिवशी रक्त गोठण्याच्या चाचण्या शिकवताना मॅडमनी फ्रिजमधून एक छोटी बाटली काढली. करंगळीएवढी, तळाशी पांढरी भुकटी. म्हणाल्या, हे एक औषध होतं. रिस्टोसेटिन. मातीतल्या जंतूंपासून काढलेलं अँटिबायोटिक. पूर्वी लोकांना सुईतून देत असत. मग काही रोग्यांच्या रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे जखम बुजवणाऱ्या बारीक कणिका, एकमेकींना चिकटून गोळा व्हायला लागल्या आणि रक्तातून कमी व्हायला लागल्या. औषध बंद केलं गेलं. आता जगात कोणी ते कुणाला टोचत नाही.

"मग आपल्या फ्रिजमध्ये का आहे?" मॅडमनीच विचारलं, आणि त्यांनीच सांगितलं. ते फेकून द्यायच्या आधी कुणीतरी विचारलं की हे औषध कणिकांना चिकटवतं कसं? तेव्हा कळलं की ते एकटं चिकटवू शकत नाही. त्याला रक्तातलंच एक प्रथिन लागतं, जे डिंकासारखं काम करतं. ज्याच्या रक्तात हा डिंक कमी किंवा बिघडलेला, त्याच्या कणिका हे औषध टाकूनही नीट चिकटत नाहीत. म्हणजे ज्या दोषामुळे औषध बंद झालं, त्याच दोषानं आजार ओळखता येतो.

मग त्यांनी चाचणी करून दाखवली. रक्त यंत्रात हळू फिरवून वरचं पिवळसर पाणी काढलं. त्यात कणिका असतात म्हणून ते गढूळ दिसतं. काचेच्या नळीत ते सतत ढवळत ठेवलं, त्यातून प्रकाश सोडला आणि औषधाचे थेंब टाकले. दूध नासावं तसं ते पाणी क्षणात फुटलं, कण कण झालं, आणि मधलं पाणी स्वच्छ झालं. पडद्यावरची रेघ चढत गेली. "ही निरोगी माणसाची रेघ," मॅडम म्हणाल्या. "डिंक नसेल तर रेघ चढत नाही, आडवीच राहते. अशा बाया पाळीत खूप रक्त घालवतात, आणि बऱ्याचदा कुणाला कळतच नाही."

तो तास संपला तेव्हा माझा प्रश्न लावून झाला नव्हता. तरी मी उठून गेले. मोडक्या तेलुगूत आणि मग हिंदीत अक्काचं सगळं सांगितलं. मॅडमनी मध्येच एकदाही थांबवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "ऑपरेशन कधी आहे?" मी सांगितलं, पुढच्या आठवड्यात. त्या म्हणाल्या, "हा आजार असला आणि माहीत नसताना पोट कापलं, तर रक्त थांबवणं अवघड जाईल. आधी तिला इथं आण."

मी संध्याकाळी घरी फोन केला. मायला म्हटलं, मॅडम अक्काचं रक्त तपासून देणार आहेत, तिला घेऊन ये. माय म्हणाली, "हाव, आनतो."

दोन दिवसांनी दुपारी मी कॉलेजच्या फाटकाशी उभी होते. रिक्षातून माय उतरली. एकटीच. डोक्यावर पदर, घामानं चेहरा काळवंडलेला, आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलेला आमच्या घरचा लाल थर्मास, ज्यातून बाबा कापसाच्या जिनिंगवर कामाला जाताना चहा नेतात.

"अक्का कुठाय?"

"घरी हाय. पाळी आली तिले, पोरगी उभी राहून नाई राह्यली, तिले बसमंदी काऊन दमवाचं? तुह्या मॅडमले रक्त पायजे ना? रक्त आनलं." आणि तिनं थर्मास माझ्यापुढे धरला. "धर नीट. हलवू नको."

तालुक्याच्या लॅबवाल्याकडून तिनं अक्काचं रक्त एका नळीत काढून घेतलं होतं. नळी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून थर्मासात ठेवली होती, आणि थर्मास बर्फानं भरला होता. निर्मलच्या बसस्टँडवर बर्फ वितळलेला दिसला तेव्हा तिनं कंडक्टरला गाडी थांबवायला लावून उसाच्या रसवाल्याकडून नवा भरून घेतला होता.

"कंडक्टर म्हने, 'क्या है अम्मा, कुल्फी?' म्या म्हनलं, 'हाव, माह्या लेकीची हाय, तुले भेटनार नाई.'"

मी हसले आणि थर्मास हातात घेतला. बर्फात ठेवलेलं रक्त या चाचणीला चालत नाही, हे मी वहीत लिहून घेतलं होतं. पण मायला ते कुणी सांगायचं? आमच्या गावात नर्सबाई लस घेऊन येते ती बर्फाच्या डब्यात. डबा उघडा राहिला तर ती सगळ्यांवर ओरडते. गावानं औषधाबद्दल एक गोष्ट मनात पक्की धरली आहे, की दवाखान्याची वस्तू थंडच ठेवायची. त्यात आमच्या घरात पहिल्यापासून एक समजूत होती की मायकडच्या बायकांचं रक्त गरम. अक्काला म्हणूनच सब्जाचं पाणी, गुलकंद, दह्याची निवळी. एवढं गरम रक्त वैशाखातल्या उन्हात बर्फाशिवाय कसं आणायचं? तिनं तिच्या परीनं सगळा विचार केला होता.

मॅडमनी थर्मास उघडून आत पाहिलं. त्या रागावल्या नाहीत. मायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि हैदराबादी हिंदीत समजावलं की रक्त थंड झालं की तो डिंक आपोआपच निकामी होऊ लागतो. हे रक्त तपासलं तर निरोगी माणूससुद्धा आजारी दिसेल. शिवाय ते काढून बराच वेळ झाला. "याच्यावर मी काही सांगितलं तर खोटं सांगितल्यासारखं होईल."

माय थर्मासाकडे पाहत राहिली. "मंग माह्यापायी वाया गेलं म्हना."

"काही गेलं नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांनी पेन घेतलं. "घरात आणखी कुणाला असं रक्त जातं?"

"कोनालेच नाई. आमच्याकडच्या सगळ्या धडधाकट हायेत."

"तुम्हाला पाळी यायची तेव्हा किती दिवस?"

"जितके सगळ्यायले जातात तितकेच. दहा, बारा."

मॅडमचं पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मायकडे पाहिलं. इतकी वर्षं एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं. माय ज्याला सगळ्यांसारखं म्हणत होती, ते तिच्या घरातल्या सगळ्यांसारखं होतं.

मग मॅडमनी सहज, बोलता बोलता विचारलं, "तुमच्यात नाक टोचत नाहीत का?" त्यांच्या स्वतःच्या नाकात चमकी होती. तेलंगणात बहुतेक बायकांच्या असते.

"आमी बौद्ध," माय म्हणाली. "आमी ते सोडलं."

हे उत्तर मी लहानपणापासून ऐकत आले होते. वसतिगृहात मुलींनी विचारलं की मीही तेच द्यायचे, आणि थोड्या अभिमानानं द्यायचे. पण त्या खोलीत ते ऐकताना मला आमच्या गल्लीतली काकू आठवली. तीही बौद्ध, दर पौर्णिमेला विहारात सगळ्यांच्या आधी बसलेली, आणि तिच्या नाकात खड्याची चमकी. तिच्या सुनेच्या नाकात, नणंदेच्या नाकात. गल्लीत नाक न टोचलेल्या बायका म्हणजे माय, अक्का आणि मी. गावाबाहेर मावशी आणि तिच्या मुली. आम्ही सगळ्या मायकडच्या.

"माय," मी म्हटलं, "मावशीला फोन लावू का?"

मावशी मायपेक्षा बरीच मोठी. तिकडे इंद्रवेल्लीजवळ राहते. मी फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"काऊन व, आज हैद्राबादवरून नाकाची आठोन काऊन आली? लगन ठरोलं का?"

"नाही मावशी, सांग ना. आपल्यात का टोचत नाहीत?"

पलीकडे बकऱ्यांचा आवाज येत होता. "तुह्या मायच्या आजीनं," ती म्हणाली, "आपल्या थोरल्या लेकीचं नाक टोचलं होतं. बाभळीच्या काट्यानं. रक्त थांबेच ना. राख भरली, हळद भरली, सगळं झालं. पोरगी पांढरीफटक पडली. वाचली बापा, कशी वाचली कोनाले ठाव. तवा म्हातारीनं सांगतलं, आपल्यात आता कोनाच्याच पोरीचं टोचाचं नाई. मंग आपुन बुद्ध झालो, नथीबिथी तशाबी गेल्या, तं कोनी इचारलंच नाई." आणि पुढे, "तुह्या मामाचा दात काढला तवाबी उशी भिजली होती. तुह्या मायले नाई आठवत? ती लहान होती."

मायला आठवत नव्हतं. ती तिच्या बहिणीचा आवाज ऐकत तशीच बसली होती, आणि तिचा हात नाकाशी गेला होता.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "अम्मा," त्या म्हणाल्या, "लेकीचं रक्त थंड झालं. तुमचं तर गरम आहे ना? ते देता का?"

मायनं बाही वर केली. "घ्या ना. तेच तं आमच्याकडं लई हाय."

या चाचणीच्या वेळी शेजारी एका निरोगी माणसाचं रक्तही तपासतात, म्हणजे यंत्र आणि औषध बरोबर चालतंय हे कळतं. मी माझा हात पुढे केला. मॅडम म्हणाल्या, "तू नाही. तू हिचीच मुलगी. तुझ्यावर कसा भरवसा ठेवू?" मी हात मागे घेतला आणि काय करावं कळेना. तेव्हा माझी खोलीतली मैत्रीण, जी बेल्लमपल्लीची आहे आणि जिचे वडील खाणीत काम करतात, येऊन खुर्चीवर बसली. तिला सुईची भीती वाटते. लॅब शिकणाऱ्या मुलीला सुईची भीती, म्हणून आम्ही तिला नेहमी चिडवतो. त्या दिवशी तिनं डोळे घट्ट मिटून घेतले आणि मायचा हात धरला. मायनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, "झालं व पोरी, झालं."

आधी मैत्रिणीची नळी. औषध पडलं, पाणी फुटलं, रेघ चढली. मग मायची. औषध पडलं. नळीतलं पाणी ढवळत राहिलं, गढूळच राहिलं. रेघ थोडी हलली आणि आडवी चालत राहिली. मी पडद्याकडे पाहत होते. ती चढावी असं मला वाटत होतं, आणि चढू नये असंही. चढली नाही.

मॅडम म्हणाल्या, अजून एक पाहू. दोष कणिकांत आहे की डिंकात, ते बघायला हवं. त्यांनी मायच्या नव्या नळीत मैत्रिणीच्या रक्तातलं थोडं पाणी घातलं, कणिका काढून टाकलेलं, नुसतं स्वच्छ पाणी. मग औषध. आणि मायची रेघ उठली. थांबत थांबत, पण उठली.

"काय झालं?" मायनं विचारलं.

मी सांगितलं की तुझ्या कणिका चांगल्या आहेत, फक्त डिंक कमी आहे. हिच्याकडचा थोडा मिळाला तर त्या चिकटतात.

"हिचं पानी माह्यात टाकलं?"

"हो."

मायनं मैत्रिणीकडे पाहिलं. माय लहान असताना गावातल्या दुसऱ्यांच्या विहिरीला हात लावायची सोय नव्हती. वरून कुणी ओतलं तर ओंजळीत घ्यायचं. हे तिनं आम्हाला एकदाच सांगितलं आहे, पुन्हा कधी नाही. ती म्हणाली, "मंग ही आता माही तिसरी लेक झाली. इले सांग, सुट्टीत गावाले ये म्हना." मी तेलुगूत सांगितलं. मैत्रीण म्हणाली, "जेवायला काय देणार विचार." माय म्हणाली, "ज्वारीची भाकर. इले पचल का?"

पुढचं लवकर झालं. मॅडमनी त्याच दुपारी तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. ऑपरेशन थांबलं. अक्काची पाळी गेल्यावर आणि अंगात थोडी ताकद आल्यावर भाऊजी तिला घेऊन आले. तिचं ताजं रक्त, न थंड केलेलं, आमच्याच लॅबमध्ये तपासलं. तिची रेघ मायपेक्षाही आडवी होती. रक्ताच्या मोठ्या डॉक्टरांकडे आणखी चाचण्या झाल्या, पुन्हा एकदा करून खात्री केली गेली, आणि आजाराचं नाव ठरलं. ते एका परदेशी डॉक्टरच्या नावावरून पडलेलं आहे आणि मायला अजून म्हणता येत नाही. ती त्याला डिंकाचा आजार म्हणते. डॉक्टरांनी अक्काला पाळीच्या दिवसांत घ्यायच्या गोळ्या दिल्या, काही वेदनाशामक गोळ्या कधीच घ्यायच्या नाहीत असं बजावलं, आणि पुढं बाळंतपण करायचं असेल तर आधी आम्हाला सांगून, मोठ्या दवाखान्यात, असं म्हणाले. बाळंतपण होऊ शकतं, हे त्यांनी ज्या सहजतेनं सांगितलं त्यानं अक्का जागच्या जागी रडायला लागली. भाऊजी खिडकीबाहेर पाहत राहिले.

तालुक्याच्या डॉक्टरीणबाई तिला नंतर म्हणाल्या, "बरं झालं बाई, आधी कळलं. टेबलावर कळलं असतं तर मी काय केलं असतं?" त्या आता खूप रक्त जाणाऱ्या बाईला नाक टोचताना काय झालं होतं हेही विचारतात, असं अक्का सांगते.

माझंही रक्त तपासलं. माझी रेघ नीट चढली. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण अक्काकडे पाहून तो बोलून दाखवता येईना. तीच म्हणाली, "बरं झालं. एक तरी कामाची निंगाली."

रक्त तपासायला आली त्या दिवशी लॅबमध्ये अक्कानं मॅडमना विचारून ती औषधाची बाटली हातात घेऊन पाहिली होती. "एवढीशीच?" मग मी तिला बाटलीची सगळी गोष्ट सांगितली, वर्गात ऐकली तशी. औषध होतं, लोकांना दिलं, रक्तात बिघाड झाला, बंद केलं, आणि आता हे काम करतं. मला ती गोष्ट फार आवडायची. वाया गेलेली वस्तू कामाला आली, एवढीच मी ती समजत होते.

अक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ज्यायले हे देल्लं होतं, त्यायचं काय झालं?"

मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, काही बरे झाले असतील, काही नसतील. नावं कुठं असतात.

मला वाटतं, मी कॉलेजात जे शिकले त्यात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मला आभार मानायला खूप माणसं आहेत. मॅडम आहेत, ज्यांनी मोडक्या भाषेतलं ऐकून घेतलं. मैत्रीण आहे. मायचा बर्फ आहे, कारण तो नसता तर माय एकटी आली नसती आणि तिचं नाक कुणी पाहिलं नसतं. पण त्या बाटलीतल्या भुकटीनं ज्यांचं रक्त आधी बिघडलं, तेही त्यांत आहेत, हे मला अक्कानं दाखवलं.

आषाढी पौर्णिमेला मी घरी गेले होते. गोळ्या सुरू होऊन दोन पाळ्या झाल्या होत्या आणि अक्काच्या ओठांना रंग आला होता. ती माहेरी आली होती. संध्याकाळी बुद्धाच्या मूर्तीसमोर वंदना झाली, मेणबत्त्या लावल्या. अक्कानं सगळ्यांनंतर आणखी एक लावली, थोडी बाजूला.

तिची मुलगी विचारू लागली, "ही कोनाची व?"

"हाये काही मानसं."

"आपल्या वळखीचे?"

"नाई," अक्का म्हणाली, आणि वारा लागू नये म्हणून तिनं ज्योतीपाशी हात आडवा धरला.